घाटावर आधी कोण बसले

"डोक्यावर केस नसल्याच्या लाजेने मोठ्या काकांनी गाव सोडले. आजोबांनाही ते डोळ्यांसमोर नकोसे झाले होते. म्हणूनच आजोबांच्या दहाव्याला काका मुंडणाला बसले नाहीत. थोरल्याचा तो मान माझ्या बाबांना मिळाला."

आजोबांच्या पुण्यतिथीला माझा पुतण्या विनोद याने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे लिहिले आणि दवनीवाड्यापासून रायपूरपर्यंत पांगलेल्या आमच्या माणसांनी त्याखाली हात जोडले. मी जोडले नाहीत. माझ्याविषयी कोणी काही म्हणावे, त्याची मला सवय आहे. पण दुसरे वाक्य माझ्या वडिलांवर आहे. ते मी भिलाईत बसून, या वयातही, खपवून घेणार नाही. गावी राहिलेल्यांनी हे वाचावे, आणि माझ्यासारखे जे गाडीत बसले त्यांनीही.

मी गेलो तो कारखान्यात नोकरी लागली म्हणून. त्या गाडीत आमच्या तालुक्यातली कितीतरी पोरे होती. त्या सगळ्यांना काय चाई पडली होती?

मला ती पडली चौथीत असताना. आधी कानामागे नाण्याएवढी जागा मोकळी झाली, मग वर्षभरात डोके, भुवया, पापण्या, सारे गेले. मायने कांद्याचा रस चोळून पाहिला. बाबांनी गोंदियाच्या डॉक्टरांकडे नेले, ते म्हणाले, "कभी आ भी जाएँगे, भरोसा नहीं." आमच्याकडे पोराचे उघडे, तुळतुळीत डोके एकच गोष्ट सांगते. त्यामुळे अनोळखी माणूस रस्त्यात थांबवून विचारी, "काऊन रे, कोन मेलं तुह्या घरी?" वर्गातल्या पोरांनी तो प्रश्न उचलला आणि रोज विचारला. शाळेत निघताना माय माझ्या डोक्याला दुपट्टा बांधू लागली, तो त्यासाठी.

घरातल्या पुरुषांचे केस कापायला सुकराम न्हावी आमच्या अंगणात येई. सुगीला त्याला धान मिळे. माझे केस गेल्यानंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा मी गोठ्याच्या आडोशाला उभा होतो. बाबांनी मला हाक मारून पाटावर बसवले. सुकराम घोटाळला. "मालक, याचं काय कापू?"

"थोरला होय तो. आधी त्याचं," बाबा म्हणाले.

सुकरामने क्षणभर विचार केला. मग माझे डोके पाण्याने भिजवले, वस्तरा उलटा धरला आणि पात्याची बोथट पाठ कपाळापासून मानेपर्यंत सावकाश फिरवली. पंच्याने पुसले, झटकले आणि धाकट्याला बोलावले. पुढे दर खेपेला असेच चालले. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखे होई. नंतर मी त्या थंड लोखंडाची वाट पाहू लागलो.

निघायच्या दिवशी बाबांनी सुकरामला मुद्दाम बोलावून घेतले. पाट अंगणात न मांडता रस्त्याकडच्या ओट्यावर मांडला. शेजारीपाजारी जमले. माय आतूनच कुजबुजली, "आता कायले लोकाइले दाखवून राहिले?" बाबा सर्वांना ऐकू जाईल असे बोलले, "पोरगा बाहेरगावी जाऊन राहिला. डोकं करूनच जाईल." गोंदिया स्टेशनवर गाडी हलण्यापूर्वी त्यांनी माझ्या डोक्यावरचा दुपट्टा सोडला, घडी करून माझ्या पेटीत ठेवला आणि म्हणाले, "लागू दे हवा." ज्याला पोरगा डोळ्यांसमोर नकोसा झालेला असतो, तो बाप असे करत नाही.

भिलाईत मी तो दुपट्टा पुन्हा बांधला नाही. ड्यूटीवर हेल्मेटखाली सगळेच सारखे. हेल्मेट काढले की सोबती मला 'गंजे भैया' म्हणत आणि मी ओ देत असे. आज माझ्या नातीच्या फोनवर चाई पडलेल्या तरुण मुली उघड्या डोक्याने, हसत बोलताना दिसतात. त्यांच्या बापांना मी मनोमन नमस्कार करतो.

आता दहाव्याचे. वैनगंगेच्या घाटावर वडीलधाऱ्यांनी, माझी कीव येऊन, सुचवले की याला केसच नाहीत, तेव्हा धाकट्याला आधी बसवावे. विनोद तेव्हा पाळण्यात होता. त्याचा बाप, माझा भाऊ, भला माणूस. तो स्वतःहून मागे सरला. म्हाताऱ्या सुकरामचे हात आता थरथरत, पण तो वाद घालत बसला नाही. माझे मनगट धरून त्याने मला खाली बसवले. "आधी थोरला."

त्याने डोके भिजवले. मी डोळे मिटून त्या ओळखीच्या बोथट पाठीची वाट पाहिली. सुकरामने वस्तरा उलटा केला नाही.

"आज मालकाचं काम होय, दादा," तो म्हणाला. "आज उलटा नाही चालत."

आणि त्याने वस्तऱ्याची धार माझ्या डोक्याला लावली.

माझ्यानंतर भावाचे, चुलत भावांचे केस पत्रावळीवर पडले. माझ्यासमोर फक्त पाणी सांडले होते आणि ते वाळूत जिरले. उशिरा आलेल्यांनी रिकामी जागा पाहिली आणि कथा रचली. त्यांच्यावर माझा राग नाही. माझे घर कोणते, असे नात विचारते, तेव्हा मी तिला तो घाट सांगतो. द्यायला जवळ काही नसतानाही जिथे माझी पाळी चुकवली गेली नाही, ते माझे घर.

विनोद, पुढच्या खेपेला भिलाईला ये. इतरांच्या डोक्यावरच्या खुणा केसांत झाकल्या जातात, माझी उघडी आहे. सुकरामचा हात थरथरला होता, आणि माझ्या उजव्या कानामागे वस्तऱ्याच्या धारेचा व्रण आहे.