हाजराला न सांगितलेले सतरा दिवस

बहिऱ्या बाईचं घर शांत असेल असं लोकांना वाटतं. राजिवड्यातलं हाजरा सोलकरचं घर गल्लीत सगळ्यांत गोंगाटाचं होतं. ती भांडी घासायला बसली की चार घरांना कळायचं, कारण टोप आपटल्याचा आवाज तिला येत नव्हता. पोरांना बोलवायचं तर ती जमिनीवर पाय आपटायची. तरी आली नाहीत तर चप्पल भिरकावायची. हसायची तेही मोठ्यांदा, घशातून.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी, अठ्ठावन्नाव्या वर्षी ती वारली. तिची मुलगी नाझिया प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आईविषयी विचारलं की ती बऱ्याच गोष्टी सांगते, पण येऊन थांबते ती २०२३ च्या मे महिन्यातल्या सतरा दिवसांपाशी. त्या सतरा दिवसांत आईला कॅन्सर आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त आईला माहीत नव्हतं, आणि तिला सांगणं हे नाझियाचं काम होतं.

हाजरा मूळची केळशीची. दीड वर्षाची असताना मोठा ताप आला, तो उतरला तेव्हा ऐकू येणं गेलेलं होतं. शाळेत तिला कुणी घातलं नाही. माहेरी तिच्याशी बोलायला आठ-दहा खुणा पुरत: जेव, ये, जा, पाणी, काम, गप्प बस. तेविसाव्या वर्षी राजिवड्याच्या अयूबशी तिचं लग्न झालं. अयूब कुवेतला एका कंपनीच्या मेसमध्ये आचारी होता. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत नवराबायकोने बसून खुणा तयार केल्या. काल, उद्या, राग, खोटं, परत येईन. तो गेल्यावर पत्रं यायची, त्यांत अक्षर नसायचं. विमान काढलेलं असायचं आणि त्याच्यापुढे, यायला जितके महिने राहिले तितके चंद्र.

नाझियाचा पहिला शब्द हाताचा होता. दहा महिन्यांची असताना तिने मूठ उघडून मिटून दूध मागितलं. अयूबची आई हादरली.

"ही पन मुकी निघाली काय गो?" ती शेजारणीला म्हणाली.

पुढे नाझिया तोंडानेही बोलायला लागली, पण हात आधी चालायचे. तिच्यानंतर पाच वर्षांनी झालेल्या रय्यानलाही ही भाषा आली, मात्र कामापुरती. वळणावळणाचं सगळं नाझियाकडेच यायचं. घरात उजेड लागायचा. लाईट गेली की बोलणं बंद.

हाजरा आठवडा बाजारात सुकी मासळी विकायला बसायची. बोंबील, सोडे, जवळा, खारा बांगडा. शेजारी कोकम घेऊन गोदा बसायची. हाजराने बाजारातल्या प्रत्येकाला हाताचं एक नाव दिलेलं होतं. कर वसूल करायला येणाऱ्या माणसाचं नाव पोटावरून फिरवलेला हात, आणि गोदाचं नाव भली मोठी जांभई.

"माझं काय नाव ठेवलंन गो तुझ्या आयशीनं?" गोदा नाझियाला दर आठवड्याला विचारायची. नाझियाने ते कधी सांगितलं नाही.

नाझिया सात वर्षांची असतानाची गोष्ट. एक बाई टोपलीसमोर उभी राहिली, सोडे हातात घेऊन तिने वास घेतला आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "चल पुढे. मुकी आहे ती, हिच्याशी हुज्जत कोण घालणार? वजनात मारत असेल." दोघी गेल्या. काय म्हणाली, असं हाजराने विचारलं. मासळी चांगली आहे पण आज नको म्हणाली, असं नाझियाने हातांनी सांगितलं.

हाजराने त्या बाईचं मुरडलेलं नाक पाहिलेलं होतं. तिने मुलीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा विचारलं. मग नाझियाने सगळं सांगितलं. हाजरा मोठ्यांदा हसली. उठून, निऱ्या दोन बोटांत उचलून, नाक मुरडत, त्या बाईसारखी चार पावलं चालली. गोदाला हसून ठसका लागला. पुन्हा खाली बसल्यावर मात्र हाजराचा चेहरा बदलला. तिने मुलीला जे सांगितलं त्याचा अर्थ असा: लोक बोलतील ते सगळं मला द्यायचं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मी बघेन.

नाझियाने ते चोवीस वर्षं पाळलं. बँकेत, दवाखान्यात, मौलवींसमोर, भांडणांत. "शिव्यासुद्धा दिल्या मी तिला, जशाच्या तशा," ती सांगते.

२०१६ नंतर फोनवर चित्र दिसायला लागलं आणि अयूब रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. दोन्ही हात मोकळे लागत, म्हणून तो मेसमध्ये फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि हाजरा मिठाच्या बरणीला. वीस-पंचवीस मिनिटं दोघं बोलत. त्या वेळात घरात बांगड्यांचाच काय तो आवाज.

२०२३ च्या एप्रिलमध्ये हाजराचा घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भातही. मे महिन्याच्या चार तारखेला तपासणीचे कागद आले. डॉक्टरीणबाईंनी नाझियाला आणि रय्यानला आत बोलावलं, हाजरा बाहेर बाकावर बसली होती. अन्ननलिकेचा कॅन्सर. मुंबईला उपचार घेतले तर दीड-दोन वर्षं मिळू शकतात, तेही त्रास सोसून. नाही घेतले तर थोडे महिने.

रय्यान मिरजोळ्याला एका कारखान्यात फिटर आहे. तो दवाखान्याच्या जिन्यातच थांबला. "तिला सांगायचं नाय."

"ती विचारेल."

"विचारू दे. जखम झालीय म्हण, गोळ्यांनी जाईल म्हण. ती हाय खाईल गो, उद्याच अंथरूण धरेल."

त्या रात्रीचं जेवण व्हायच्या आत अयूबचा फोन आला. कित्येक वर्षांनी त्याने नुसता आवाजाचा फोन केला होता, हाजराला आपला चेहरा दिसू नये म्हणून. तोही तेच म्हणाला. "मी सुट्टीवर येईन तेव्हा मीच सांगेन. तोवर तू गप रहा, बेटा."

हे बोलणं स्वयंपाकघरात झालं. हाजरा दोन हातांच्या अंतरावर बसून लसूण सोलत होती. तिच्यासमोर, चांगल्या मोठ्या आवाजात, तिच्याच मरणाचं बोलणं झालं. नाझियाने एवढंच केलं की तोंड खिडकीकडे फिरवलं.

फोन ठेवल्यावर हाजराने विचारलं. नाझियाच्या हातांनी सांगितलं: आत जखम आहे. औषधाने भरेल. बकरी ईदपर्यंत बरी होशील.

हाजराने मान हलवली आणि पुढचा लसूण घेतला.

त्यानंतरचे दिवस ती रोजच्यासारखीच वागली. पावसाळ्याची मासळी भरून ठेवायची वेळ होती. तिने नेहमीपेक्षा जास्त सोडे आणि जवळा आणला, गच्चीवर चटया पसरल्या, उन्हात बसून कावळे हाकलले. रय्यान एका संध्याकाळी द्राक्षं घेऊन आला. दुसऱ्या संध्याकाळी सफरचंदं. व्हिडिओवर अयूब थट्टा करेनासा झाला, तिच्याकडे बघता बघता पडद्याच्या कडेला बघायला लागला. हाजराने यातलं काही विचारलं नाही. नाझियाला वाटलं, तिला पटलेलं आहे.

एकवीस तारखेला पुन्हा दवाखाना होता. या वेळी हाजरा आत आली आणि मधल्या खुर्चीत बसली.

"सांगितलंत का त्यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," नाझिया म्हणाली.

"किती दिवस थांबणार? निर्णय घ्यायला हवा आता."

हाजरा दोघींची तोंडं बघत होती. नाझियाने हात उचलले. ती काहीतरी सांगणार होती, आणि त्याही दिवशी ते खरं नसतं. हाजराने आपल्या दोन्ही हातांनी तिचे हात धरले आणि तिच्या मांडीवर दाबून ठेवले.

"काय झालं? काय म्हणतायत त्या?" डॉक्टर गोंधळल्या.

"तिला मधे मी नकोय," नाझिया म्हणाली.

हाजराने डॉक्टरांकडे बघून स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. मग टेबलावरची चिठ्ठ्यांची वही त्यांच्यापुढे सरकवली. डॉक्टरांनी एका पाठकोऱ्या कागदावर छाती काढली, अन्ननलिका काढली, तिच्यात गाठ काढून ती काळी केली. हाजरा कागद निरखत राहिली. मग उठून तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, टेबलावर ठेवलं आणि एकेक पान उलटायला लागली. जून. जुलै. ऑगस्ट. दर पानाला ती मान वर करून बघायची. ऑक्टोबरवर डॉक्टरांनी तिचा हात थांबवला.

मग डॉक्टरांनी इंजेक्शनची सुई काढून दाखवली, खिडकीबाहेर लांब हात केला, म्हणजे मुंबई, डोक्यावरचे केस जातील अशी खूण केली, आणि कॅलेंडर डिसेंबरपर्यंत नेऊन पुन्हा पहिल्यापासून उलटलं. हाजराला समजलं. तिने कॅलेंडर स्वतः खिळ्याला लावलं आणि बाहेर गेली.

दोन दिवस ती नाझियाशी बोलली नाही. ऐकणाऱ्या माणसाला न बोलणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. इथे तर आई समोर बसलेली, आणि तिचे हात पदरात. तिसऱ्या दिवशी तिने एकच विचारलं, किती दिवस लपवलंस? नाझियाने आधी दहा, मग सात बोटं दाखवली. हाजराने गच्चीकडे हात केला, जिथे मासळी वाळत होती, आणि मग केळशीच्या दिशेने. मला माहेरी जायला हवं होतं, ती म्हणाली. मी इथे कावळे हाकलत बसले.

त्याच संध्याकाळी तिने बरणीला फोन टेकवला आणि अयूबला सांगितलं, मी उपचार घेणार आहे. तू ये. सुट्टीवर नको, कायमचा ये.

ती घाबरेल, अंथरूण धरेल, या भीतीने सगळ्यांनी तिच्यापासून लपवलं होतं. कळल्यापासून चौथ्या दिवशी ती केळशीला जाऊन भावाला भेटून आली. अयूब जुलैत आला. मुंबईला जाताना हाजराने त्याला नेलं, नाझियाला नेलं नाही. तिथले सात महिने नाझियाला आईची खुशाली वडिलांकडून कळत होती. नाझिया दर वेळी विचारायची, "माझ्याबद्दल काय म्हणते?" अयूब सांगायचा, "काय नाय म्हणत, बेटा."

तेहतीस वर्षांच्या संसारात दोघं सलग दोन महिन्यांहून जास्त कधी एकत्र राहिले नव्हते. आता राहिले. परतल्यावर ती पातळ जेवण जेवायची, डोक्याला ओढणी बांधायची आणि बाजारात बसायची. अयूब शेजारी बसून तराजू धरायचा. त्याला धंदा जमत नसे.

"अयूबभाई, तुम्हाला तोंड हाय तरी टोपली भरलेली," गोदा म्हणायची. "तिला नाय, तर बाराच्या आत रिकामी करायची."

नाझियाशी ती हळूहळू बोलायला लागली. बाजार, शाळा, रय्यानचं लग्न. मात्र दवाखान्यात ती अयूबलाच पुढे करायची.

२०२५ च्या जानेवारीत पाणीही उतरेना. त्याच दवाखान्यात, त्याच खुर्च्यांवर हाजरा, अयूब आणि रय्यान बसले, नाझिया दाराशी उभी राहिली. डॉक्टर या वेळी सुरुवातीपासून हाजराकडे बघून बोलत होत्या. अयूबने हात उचलले, अर्ध्यावर आणले, आणि ते तिथेच राहिले. हाजराने थोडा वेळ वाट पाहिली. मग खुर्चीत वळून तिने दाराकडे बघितलं.

नाझिया पुढे येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. औषध आता चालणार नाही. गाठ वाढली आहे. पोटात नळी घालता येईल, तिने आयुष्य वाढेलच असं नाही. दुखू नये म्हणून इंजेक्शन आहे. काही आठवडे.

अजून काय म्हणाली, हाजराने विचारलं.

डॉक्टर अजून एक गोष्ट म्हणाल्या होत्या आणि नाझियाने ती मागे ठेवली होती. शेवटी शेवटी श्वास घ्यायला त्रास होईल. नाझियाने तेही सांगितलं.

हाजराने तिचा चेहरा बराच वेळ पाहिला. नळी नको, असं तिने डॉक्टरांना स्वतःच हाताने सांगितलं. मग अयूबच्या खांद्याला बोट टोचून त्याला उठवलं, पिशवी त्याच्या हातात दिली, आणि उतरताना जिन्यात नाझियाचा दंड धरला.