सातवा ठिपका

जळकोटजवळच्या त्या गावाचा तलाव चार वर्षांपासून उन्हाळा आला की हिरवा पडायचा. वास सुटायचा, मासे उताणे तरंगायचे. गावानं निकाल देऊनही टाकला होता: सगळं पाप हणमंतप्पांच्या म्हशींच्या गोठ्याचं.

मग विद्यापीठातून निवेदिता मॅडम आल्या. शेणातलं, खतातलं नि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद वाहून आलं की शेवाळ माजतं. ते नेमकं कुठून येतं हे आधी मोजू, म्हणाल्या. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी सहा लाल ठिपके काढले होते. दर पंधरा तारखेला तिथलं पाणी बाटलीत भरायचं, असा बेत.

शाळेत जमलेल्या बायकांत मागं पुतळाबाई बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, निम्मं आयुष्य रोजगार हमीची माती उपसण्यात गेलेलं. त्यांना राहवलं नाही.

"मॅडम, त्यो चवथा टिपका चुकलाय. त्या वढ्याला आता पाणीच येत न्हाय."

"नकाशात तर आहे, मावशी."

"असंल. पर वरच्या अंगानं आमी चर खांदला न्हवं का! समदं पाणी आता त्यातनं तलावात उतरतंय."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "चला, दाखवा."

बाभळींच्या झुडपांतून पुतळाबाई अशा सपासप निघाल्या, की मॅडमना पळावं लागलं. झुडपं बाजूला सारली तर खाली चर, आणि तोंडाशी काळाभोर गाळ! मॅडमनी तिथंच नकाशा उघडून सातवा ठिपका दिला.

"अन् पंधरा तारखेचं काय? पाणी तारीख बघून येतंय व्हय? पाऊस झाल्यावर पयल्या अर्ध्या तासात घाण येती. मागनं निवळ पाणीच."

मॅडम दगडावर बसल्या आणि सगळा बेत नव्यानं लिहू लागल्या. पुतळाबाई वाकून कागदावरची अक्षरं बघू लागल्या. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं.

सप्टेंबरात भर दुपारी ढग फुटल्यागत पाऊस आला. पुतळाबाईंनी पदर खोचला, घमेल्यात बाटल्या घातल्या आणि चर गाठला. पाठोपाठ हणमंतप्पा धावत आले. "बाई, पाय घसरंल. दोर धरतो म्या!" दर दहा मिनिटाला एक, अशा नऊ बाटल्या दोघांनी भरल्या.

निकाल शाळेत वाचला गेला. गोठ्याच्या नाल्यापेक्षा चराच्या पाण्यात स्फुरद चौपट. चराच्या वर दहा-बारा जणांचा ऊस होता. पुतळाबाईंचाही अर्धा एकर त्यातच. त्यांचा मुलगा राजपाल तिथं हात सैल सोडून खत टाकायचा.

सगळ्यांच्या नजरा वळल्या. क्षणभर पुतळाबाईंचं तोंड उतरलं. मग त्या उठून उभ्या राहिल्या.

"घावलं की वो मॅडम! चार साल घावत नव्हतं! आता म्होरं काय करायचं?"

पुढच्या वर्षीचा अभ्यास त्यांच्याच शेतावर ठरला. निम्म्यात माती तपासून बेतानं खत आणि चराकडेला गवताचा पट्टा, निम्म्यात नेहमीसारखं. दोन्हींकडचं पाणी वेगवेगळं मोजायचं. राजपाल कुरकुरला, "आई, खत कमी पडून ऊस बसला म्हंजी?"

"बसला तर तसं लिवू," म्हणत पुतळाबाईंनी शेताच्या मधोमध पहिली खुंटी ठोकली.

ऊस बसला नाही. गवताकडच्या बाटलीत स्फुरद निम्म्यावर आलं, आणि त्या हिवाळ्यात वरच्या बांधावरचे सात शेतकरी गवताचं बी मागायला त्यांच्या दारी आले.