माझ्या ऑफिसातली तिची नोकरी

डब्लिनमधल्या टॅलाच्या ट्राम स्टॉपजवळच्या एका काचेच्या इमारतीत मी केबिन भाड्याने घेतली. तिथे सगळंच भाड्याचं होतं. खुर्ची, प्रिंटर, झाडांच्या कुंड्या, रिसेप्शनवरची बाईसुद्धा. फोन वाजला की ती ज्याचा फोन असेल त्याच्या कंपनीचं नाव घेऊन बोलायची. क्लायंट यायचा असला की दारातल्या स्क्रीनवर आपल्या कंपनीचं नाव झळकायचं. मोठी मीटिंग रूम तासावर मिळायची. म्हणजे एका खोपटात एकटी बसून काम करणारी माझ्यासारखी बाई सकाळपुरती भलीमोठी कंपनी होऊ शकत होती. कमी पडायची ती फक्त माणसं.

ती उणीव तिने भरून काढली. ती म्हणजे माझी शिकत असतानाची रूममेट. मी नागपूरची, ती पुण्याची. मास्टर्ससाठी डब्लिनला आलो तेव्हा आमचं स्वयंपाकघर एकच होतं. हात माझा चांगला, हे तीही कबूल करायची. पण तिने फ्रोजन मटार घालून कसेबसे पोहे केले तरी सगळं घर तिच्याभोवती जमायचं आणि माझी रश्शाची भाजी कढईतच गार व्हायची. नोकरी तिलाच आधी लागली. वर्षभरात तिचं इंग्रजी इथल्यासारखं झालं, माझं आहे तिथेच राहिलं. आडपडदा कशाला ठेवू? माझ्या पोटात तेव्हापासून दुखतंय. मी तिच्यावर जळायचे आणि तिच्याशी गप्पाही मारायचे, दोन्ही एकाच वेळी.

आणि नेमकी तीच माझ्या शेजारच्या केबिनमध्ये आली. मी नर्सिंग होममधल्या नर्सेसच्या ड्यूट्या लावायचं सॉफ्टवेअर करत होते. ती तसल्याच ठिकाणच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन ट्रेनिंग तयार करायची. एकदा तिच्याकडे कोणी येणार होतं, तेव्हा ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"अगं, एक फेव्हर कर ना. लॅपटॉप घेऊन मीटिंग रूमसमोरून एक-दोन चकरा मार. आणि मध्येच दार उघडून सांग, कॉर्कवाले लाइनवर आहेत. रिकामं ऑफिस फार डिप्रेसिंग दिसतं यार."

मी गेले. कॉर्क शहरात तिचं कोणीच नव्हतं, तरी कॉर्कवाले लाइनवर आहेत, असं धापा टाकत सांगितलं. तिने मान वर न करता "थांबव त्यांना जरा" म्हटलं, ते मला लागलंच. पण मजाही आली. मग तो आमचा रिवाजच होऊन बसला. तिचा क्लायंट आला की मी तिच्याकडे नोकरीला, माझा आला की ती माझ्याकडे. फरक इतकाच, की मी नोकरी केलेली कोणाच्या लक्षातही राहायची नाही, आणि तिने केली की लोक जाताना तिला शोधून तिचा निरोप घ्यायचे.

अशात पार पश्चिमेकडच्या केरी परगण्यातले लोक यायचे ठरले. तिथल्या ट्रली गावाच्या आसपास नर्सिंग होम चालवणारे भाऊ-बहीण, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. ते हो म्हणाले तर माझी कंपनी तगणार होती. नाही म्हणाले तर केबिन सोडायची आणि पुन्हा कोणाकडे तरी नोकरी शोधायची, असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणून त्या दिवशी तिला मी एकच वाक्य दिलं. चहाचा ट्रे ठेवायचा, "बाराच्या कॉलचं मी बघते" म्हणायचं आणि बाहेर पडायचं.

"टेन्शन नको घेऊस," ती म्हणाली. "एंट्री मारते आणि निघते."

ते सकाळच्या गाडीने आले. स्क्रीनवर माझ्या कंपनीचं नाव होतं. मी चहा-कॉफी विचारली. दोघंही "नको, नको, आम्ही अगदी ग्रँड आहोत" म्हणाले. इथे ठीक असण्याला ग्रँड म्हणतात, म्हणून मी लगेच स्लाइड्स सुरू केल्या. तेवढ्यात ती ट्रे घेऊन आत आली. कोणालाही न विचारता तिने किटलीतून चहा ओतला, आणि आत्ताच नको म्हणालेल्या त्या बाईंनी कप दोन्ही हातांनी असा धरला, की मला पुढची स्लाइड सुचेना. वाक्य तर ती म्हणालीच नाही. खुर्ची ओढली आणि बसली.

"रात्रपाळीच्या नर्सने ऐनवेळी येत नाही म्हणून कळवलं, तर तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"मीच जाते," बाई म्हणाल्या.

"आणि मग तुमच्या घरी कोण असतं?"

झालं. बाईंच्या घरी म्हातारी आई होती. तिला एकटीला टाकून त्यांना निघावं लागायचं. भाऊ तोवर कोट घालून, घड्याळ बघत बसला होता. त्याने कोट काढला आणि तोही बोलायला लागला. त्यांच्या अडचणीवरचा उपाय माझ्या स्लाइड्समध्ये होता, पण पार शेवटी, आणि तिथपर्यंत जातंय कोण? "आमच्या सिस्टीममध्ये तुम्हाला उठावं लागणार नाही," ती म्हणाली. "कोण मोकळं आहे ते तीच शोधते आणि त्यांना विचारते." आमच्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते सॉफ्टवेअर मी एकटीने खपून केलं होतं. तिला त्यातलं जे काही माहीत होतं ते मीच डबा खाताना सांगितलेलं. हळूहळू दोघांच्या खुर्च्या तिच्याकडे वळल्या. मी टेबलाखालून तिला पाय मारला. तिने पाय बाजूला घेतला आणि बिस्किटांची बशी पाहुण्यांपुढे केली.

ते निघाले तेव्हा मी हात मिळवला आणि लिफ्टचं बटण दाबलं. ती त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली. मी वरून काचेतून बघत राहिले. ट्राम आली, गेली, तरी तिघं स्टॉपवर उभे राहून बोलतच होते. पाहुण्याला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला जावं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. आमच्या घरी तर लोक निरोप घेऊन झाल्यावरच खरं बोलायला लागायचे. पण ऑफिसात ते मला सुचलं नाही. पुण्याची माणसं पाहुणचारासाठी प्रसिद्ध आहेत असं मी तरी ऐकलेलं नाही, तरी माझ्या पाहुण्यांना सोडायला गेली ती पुण्याचीच.

"युअर मॅन तर तुझ्या मैत्रिणीवर फिदाच झाला," रिसेप्शनवरची बाई मला म्हणाली. इथे कुठल्याही बाप्याला युअर मॅन म्हणतात. माझा मॅन कसला, तिचाच झाला होता तो.

त्याच आठवड्यात मेल आला. होकार होता. त्याखाली एक ओळ होती. आमचं काम तुमच्या त्या सहकारीच बघतील ना, त्यांच्याशी बोलणं आम्हाला सोपं जातं.

कंपनी वाचली होती, मला आनंद व्हायला हवा होता. मी चहाच्या खोलीत जाऊन कपाटाचं दार जोरात आपटलं. मग तरातरा तिच्या केबिनमध्ये गेले. ती खोक्यांत सामान भरत होती.

"काहून वं? कुठे चाललीस?" रागात असले की माझी नागपुरी बाहेर येते.

"बंद करतेय यार. कधीपासून येणाऱ्यांतला एकही क्लायंट झालेला नाहीये. तुला सांगणारच होते, पण म्हटलं तुझी मीटिंग होऊन जाऊ दे आधी."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या खाली होती. मग मी मेल वाचून दाखवला. ती खो-खो हसत सुटली.

"मग घे ना मला नोकरीला! तशी मी आहेच की."

तिच्याशिवाय केरी नव्हतं आणि केरीशिवाय मी नव्हते. नोकरीवर ठेवली असती तर कोणीतरी जास्त पगार देऊन पळवली असती, म्हणून मी तिला भागीदार करून घेतलं. त्यात शहाणपण होतं, प्रेमबिम काही नव्हतं. तिने मात्र मला मिठी मारली.

आता तिचं टेबल माझ्या केबिनमध्ये आहे. तिचं तोंड दाराकडे, माझं भिंतीकडे. काम करताना मला समोर कोणी नको असतं, असं कारण मीच दिलं होतं. काम वाढलंय. स्क्रीनवर अजूनही माझ्याच कंपनीचं नाव येतं, तिने ते बदलायचा विषयही काढलेला नाही. तेही मला खुपतं. तिने काढला असता तर भांडता तरी आलं असतं.

परवा ब्युमॉन्टकडच्या एका नर्सिंग होमच्या मॅनेजर बाई आल्या. ती फोनवर होती, म्हणून चहाचा ट्रे मी नेला. बाई नको म्हणाल्या. मी तरीही ओतला, एवढं मला आता येतं. त्यांनी कप हातात घेतला, माझ्याकडे मायेने बघितलं आणि मानेने तिच्याकडे खूण करून मला हळूच विचारलं, "यांच्याकडे तुम्ही किती वर्षं आहात?"

ती फोनवर कोणाला तरी हसवत होती. तिने ऐकलं नव्हतं. मी दूध पुढे सरकवलं.

"पहिल्यापासून," मी म्हटलं.