झोपली तरच फोटो

आमच्या एमआरआय सेंटरात फोटो कमी अन् किस्से जास्त साठलेत! मशीन मी चालवते. झोपेत मेंदू आपला कचरा कसा धुऊन काढतो, अन् हृदयात दोष असलेल्या तान्ह्या बाळांत हे काम मंदावतं का, यावर आमचे डॉक्टरसाहेब अभ्यास करतात. नाजूक हृदयाला झोपेचं औषध नको, म्हणून पोट भरून, दुपट्यात घट्ट गुंडाळून बाळ आपोआप झोपायची वाट बघायची. सगळी गंमत तिथंच.

*

साहेब एका आजींना समजावत होते, "मेंदूतला कचरा..."

आजी उसळल्याच! "बारा दिसाचं लेकरू! अजून कोणाचं काही ऐकलं न्हाई त्यानं, कचरा आला कुठून?"

तेव्हापासून साहेब 'सांडपाणी' म्हणतात. आता आजोबा उसळतात.

*

काजळ मशीनमध्ये चालत नाही. शोभा सिस्टर एका बाळाची तीट पुसायच्या, त्याची मावशी परत लावायची. तिसऱ्यांदा सिस्टर वैतागल्या, "अहो, मशीनची नजर लागत न्हाई!"

"मंग आत घालून एवढा वेळ बघती कशाला?"

 

*

एकदा दिवे मंद करून सिस्टर अंगाई गुणगुणत बसल्या. साहेब येऊन बघतात तर बाप खुर्चीत, आत्या बाकावर, सिस्टर भिंतीला टेकून घोरतायत. बाळ टक्क जागं!

साहेब हळूच म्हणाले, "पेशंट सोडून सगळे तयार आहेत."

*

अन् कुंभार पिंपळगावची ती पोरगी! आठ दिवसांची, ओठ निळसर. दुपारी अॅम्ब्युलन्स तिला ऑपरेशनला मोठ्या शहरात नेणार, त्याआधी फोटो हवा, अन् ही झोपेना. रडली की आणखी निळी पडायची. पंखा बंद केला, सगळ्यांना चपला काढायला लावल्या, तरी रडणं चालूच.

शेवटी तिची आई म्हणाली, "मॅडम, इतकं शांत हाय म्हणूनच झोपंना ती. आमची पिठाची गिरणी हाय. शेवटच्या दिवसापर्यंत मीच दळत व्हते. पोटात नऊ महिने तिनं तेच ऐकलं."

कानांना मऊ कव्हर लावून आत ठेवली, मशीन चालू केलं. धडधड, खडखड... अन् पोरगी गाढ! काचेमागं मी चक्क रडले. लाज कसली त्यात?

फोटो झाला. मशीन थांबलं, तशी ती परत किंचाळली. अॅम्ब्युलन्स दारात उभी. बापानं घाईघाईनं घरी आपल्या वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"आण्णा, गिरणी चालू करा, अन् फोन तिथंच ठेवा."

"आत्ता? दळण कोणाचं हाय?"

"आपल्या पोरीचं!"