बॉयलरशेजारची खोली

अल्मिडा गॅड्सडेन बाईंनी आयुष्यात दोन गोष्टी कधी केल्या नाहीत. टोपी न घालता त्या कधी चर्चला गेल्या नाहीत, आणि अंगावर आलेल्या कामाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. टोप्यांचं साऱ्या गावाला कौतुक होतं. कामाचं म्हणाल तर ते गावाने गृहीतच धरलं होतं.

साउथ कॅरोलायनातल्या आमच्या नदीकाठच्या गावात काळ्या मुलांची वेगळी शाळा होती, तेव्हा बाई तिथे मुख्याध्यापिका होत्या. मग कोर्टाचा हुकूम आला आणि काळी-गोरी मुलं एका छपराखाली बसू लागली. इमारत नवी होती म्हणून आमचीच ठेवली. मुख्याध्यापकांच्या पुढच्या खोलीत मात्र एक गोरे गृहस्थ येऊन बसले. आमच्या पोरांनी जिंकलेले चषक कचऱ्याच्या गाडीत गेले, आणि बाई गेल्या मागच्या बाजूला, थंडीत इमारत गरम ठेवणाऱ्या बॉयलरशेजारच्या खोलीत. हुद्दा सहायकाचा. काम काय, तर बसगाड्यांवर नजर ठेवायची आणि वर्गातून हाकललेली पोरं सांभाळायची. ती पोरं बहुतेक आमचीच असत.

"तोंडावर राजीनामा फेकून यायचं होतंस!" त्यांची बहीण तेव्हा म्हणाली होती.

"आणि ती लेकरं कुणाच्या गळ्यात घालू? तुझ्या?" बाई म्हणाल्या होत्या.

निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच राहिल्या. खोली मागच्या अंगणात उघडणाऱ्या दाराला लागून होती, त्यामुळे येणं-जाणंही तिकडूनच. शेवटच्या दिवशी मागच्या दाराने बाहेर पडल्या, त्या पुन्हा कधी त्या इमारतीकडे फिरकल्या नाहीत. बाजाराला जायचं तर गल्ली बदलून जात.

पण घरी स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दर शनिवारी चर्चच्या तळघरात त्यांनी एक वर्ग सुरू केला. मुख्याध्यापक व्हायची धमक असलेले आमचे शिक्षक तिथे जमत. अंदाजपत्रक कसं वाचायचं, शिक्षकाचं शिकवणं पाहून त्याला दुखवल्याशिवाय चूक कशी दाखवायची, चिडलेल्या पालकाला आधी खुर्ची का द्यायची, सगळं बाई शिकवत. शेवटी तळलेले मासे आणि टोमॅटोत शिजवलेला लाल भात असे. तयारी झालेले काहीजण दुसऱ्या गावांत मुख्याध्यापक झालेही. आमच्या शाळेची पुढची खोली मात्र आमच्यातल्या कुणालाच मिळाली नाही.

थॉमसिना मझीक बाईंच्या हाताखाली तयार झालेली, त्यांची सगळ्यात लाडकी. ती त्याच शाळेत सहायक होती, आणि बसायलाही तीच खोली. मुख्याध्यापकपदासाठी ती दोनदा मुलाखतीला गेली आणि दोन्ही वेळा शिक्षणाधिकारी गोड हसून म्हणाले, "या मुलांना तुमच्याइतकं कोण सांभाळणार? तुम्हाला तिथून हलवणं आम्हाला परवडणार नाही." आता जागा तिसऱ्यांदा रिकामी होत होती. थॉमसिनाने नवऱ्याला सांगून ठेवलं होतं की या खेपेला नाही झालं तर नोकरी सोडून त्याच्या फर्निचरच्या दुकानात बसायचं.

मार्चमधल्या एका शनिवारी बाई तिची मुलाखतीची तयारी घेत होत्या. त्या स्वतः लटक्या शिक्षणाधिकारी झाल्या. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणला, तसे बाकीचे खुसखुसले. थॉमसिना समोर बसली. शाळेचा वॉकी-टॉकी सवयीने तिच्या कमरेलाच होता.

"शनिवारीसुद्धा?" बाई म्हणाल्या. "चर्चमध्ये त्याच्यावर कोण बोलावणार आहे तुला? प्रभू येशू?"

सगळे हसले, थॉमसिनाही हसली. मग बाईंनी विचारलं, "मिसेस मझीक, या वर्षी तुम्ही किती शिक्षकांच्या वर्गात बसलात? कुणाचं शिकवणं सुधारलं?"

थॉमसिनाने कमरेचा वॉकी-टॉकी काढून समोर ठेवला.

"बोल ना."

"एकाच्याही नाही, बाई. बसले की हा बोंबलतो. बारा नंबरच्या वर्गात या, सात नंबरच्या वर्गात या. माझा दिवस हाकललेल्या पोरांना खोलीत घेऊन जाण्यातच जातो."

"मग नाही म्हणायचं!"

हे शब्द बाईंच्या तोंडून कसे निघाले ते त्यांनाही कळलं नाही.

थॉमसिनाचा आवाज चढला. "नाही म्हणायचं? तुम्ही सांगता हे? मिळेल ते काम घ्या, दुप्पट करा, तक्रार करू नका, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही, हे कुणी शिकवलं आम्हाला? मी गेले नाही तर त्या डेमेट्रियससारख्या पोराला ते सरळ घरी बसवतील. त्याची आई दिवसभर मोटेलमध्ये खोल्या झाडते. कुठे जाईल तो?"

आपण हिला मुख्याध्यापक व्हायला शिकवलंच नाही, बॉयलरच्या खोलीत नीट बसायला शिकवलं, हे बाईंना त्या क्षणी लख्ख दिसलं. किंमत आपण एकटीने मोजली, असं त्या इतकी वर्षं समजत होत्या. त्या दिवशी त्यांनी माशाला हातही लावला नाही.

सोमवारी सकाळी निळी टोपी घालून त्या शाळेच्या मागच्या अंगणात उभ्या राहिल्या. फुकटची मदत मिळते म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी आनंदाने होकार दिला होता. दाराशी पाय मात्र उचलेना. बॉयलरच्या गरम तेलाचा तोच वास, भिंतीपलीकडे तीच घरघर आणि आत तेच बाक. बाईंना तिथल्या तिथे मागे फिरावंसं वाटलं.

"बाई! तुम्ही इथे कशाला?" थॉमसिना धावत आली.

"तो डबा इकडे दे," बाई वॉकी-टॉकीकडे हात करून म्हणाल्या. "पोरं माझ्याकडे येतील. तू वर्गात जाऊन बस, शिकवणं बघ. जा म्हणते ना!"

पहिला डेमेट्रियसच आला. त्याने बाक ढकलून दिलं होतं. पूर्वी बाई अशा पोराचा शर्ट आधी आत खोचायला लावत, ताठ उभं करत, आणि माफी कशी मागायची ते घोकून घेत. या वेळी त्यांनी वेगळंच विचारलं.

"बाक ढकललंस तेव्हा वर्गात काय चाललं होतं?"

"वाचन. एकेकाने उठून मोठ्याने वाचायचं."

"आणि पुढचा नंबर तुझा होता?"

पोरगा बुटाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी आलेला मुलगाही वाचनाच्याच तासाचा. तिसरा तसाच. दंगा केला की सुटका होते, हे पोरांनी बरोबर हेरलं होतं. वाचता येत नाही हे चारचौघांत दिसण्यापेक्षा बॉयलरची खोली बरी.

"पंधरा वर्षं मी अशा पोरांना माफी मागायला शिकवलं गं," त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बाई थॉमसिनाला म्हणाल्या. "वाचता येतं का, हे एकदाही विचारलं नाही. मीच त्यांना अंधारात ठेवलं." त्या रडल्या. त्यांना रडताना थॉमसिनाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने बाई मागे बसल्या आणि थॉमसिना वर्गा-वर्गांत. कोणता शिक्षक मोठ्याने वाचायला लावून पोरांची शोभा करतो, कोण शेजारी बसवून वाचून घेतो, हे तिने पाहिलं. दोघा शिक्षकांची पद्धत तिने गोडीगुलाबीने बदलायला लावली. तिसऱ्याने तिला दार दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन बसली.

मुलाखतीत शिक्षणाधिकाऱ्यांनी ठरलेला प्रश्न विचारलाच. "पण मग या मुलांना कोण सांभाळणार?"

"त्यांना सांभाळायला माणूस नको, साहेब," थॉमसिना म्हणाली. "त्यांना वाचायला शिकवणारा वर्ग पाहिजे. तो उभा करणं मुख्याध्यापकाचं काम आहे. दोन महिन्यांत मी कुठवर आले ते सांगते, ऐका."

शाळा मंडळाने मत घेतलं आणि एका मताच्या फरकाने ती निवडून आली. त्या रात्री आमच्या चर्चची घंटा विनाकारण वाजली, आणि कुणी वाजवली ते कुणीच विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ऑगस्टमध्ये शाळा उघडली. बाई नेहमीप्रमाणे मागच्या अंगणातून येऊन बाकावर बसल्या. थोड्या वेळाने थॉमसिना आली, हातात किल्ली घेऊन.

"मी शिक्षकांना सांगितलंय. यापुढे पोराला वर्गाबाहेर पाठवायचं नाही. अडलं तर मला बोलवायचं, मी वर्गात येईन. ही खोली आजपासून बंद." तिने किल्ली पुढे केली. "कुलूप तुम्ही लावा, बाई."

बाईंनी खोलीबाहेर येऊन दार ओढून घेतलं, पण जुन्या कुलपात किल्ली पहिल्यांदा जाईना. थॉमसिनाने मदतीला हात पुढे केला, तसा त्यांनी तो बाजूला सारला. अखेर कुलूप लागलं.

मग सवयीने त्या मागच्या अंगणाकडे वळल्या.

"तिकडून कुठे?" थॉमसिना म्हणाली.

बाई थांबल्या. त्यांनी टोपी सरळ केली. मग चालू वर्गांवरून, जिथे पूर्वी चषकांचं कपाट होतं त्या भिंतीवरून, मुख्याध्यापकांच्या खोलीवरून त्या सावकाश चालत गेल्या आणि पुढच्या दाराने बाहेर पडल्या.