चकती न बघता लावलेले नंबर

अगं, ये अशी जवळ. कागदावरून मारलेली हाक आहे म्हणून काय झालं, हाक ती हाकच. आधी थोडी बोलणी खा, मग ऐक. दोन हिवाळे झाले, तू फिरकली नाहीस. तुझं हे अमेरिकेतलं डब्लिन काही चंद्रावर नाही, गाडीने सहा तासांचा रस्ता. वर परवा फोनवर हसलीस. म्हणे, मावशी, तू आइस हॉकीतल्या डिफेन्सवाल्यांचे नंबर लावतेस असं ऐकलं, खरं का? खरं आहे. आणि बरोबर लावते. सातवी शिकलेल्या बाईने हे करू नये असं कुठे लिहिलंय?

तुझे काका गेले आणि मी लेकीकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला आले. लेक तिच्या कामात, जावईबापू त्यांच्या. जावई आपले नागपूरचे, क्रिकेटवेडे. पण इथे क्रिकेट बघायला मिळेना, म्हणून ऑफिसातल्या लोकांच्या नादाने हॉकीला लागले. सगळ्या संघांचे सामने दिसतील असं काहीतरी डिशवर घेतलं त्यांनी. आपल्या शिकागोच्या संघाचे घरचे सामने मात्र तेव्हा टीव्हीवर लागायचे नाहीत, बाहेरगावचे तेवढे लागायचे. संध्याकाळी पाचलाच अंधार, बाहेर गुडघाभर बर्फ. करायचं काय? मी त्यांच्याबरोबर बसायला लागले.

आता गंमत ऐक. टीव्ही जुना, खोक्यासारखा. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढे झालं. आणि चेंडूच्या जागी असलेल्या ज्या चकतीसाठी एवढी मारामारी, ती अनारशाएवढी, काळी, विजेसारखी पळणारी. मला ती दिसायचीच नाही. सांगायची लाज वाटे. माणसं मात्र दिसायची. बर्फावर एका संघाचे गोलकीपर सोडून पाच जण. तिघं पुढे धावतात, दोघं मागे राहतात, गोलकीपरच्या अंगणात कुणाला शिरू देत नाहीत. हेच डिफेन्सवाले. सगळ्यांची नजर चकतीमागे धावायची. माझी आपली या दोघांवर ठेवलेली.

माझे वडील आचारी होते, हे तुला तुझ्या आईने सांगितलं असेल. लग्नामुंजीच्या पंगतीत आठव्या वर्षापासून मी मीठ-लिंबू वाढलंय. वडील सांगायचे, कच्चा वाढपी हातातल्या भांड्याकडे बघतो, पक्का वाढपी पानांकडे बघतो. ज्याच्या रांगेतून "भात आणा" अशी हाक येत नाही, तो पहिल्या नंबरचा. आणि खरं सांगते, दोन महिने बघितल्यावर मला कळलं की या बर्फावरच्या दोघांचं काम तेच आहे. कुठलं पान रिकामं होणार ते आधी ओळखायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं. ज्याच्या पाळीत गोलकीपरला गुडघ्यावर पडावं लागत नाही, तो पहिल्या नंबरचा.

मग मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. हे लोक मिनिट-मिनिटाच्या पाळीने आत-बाहेर करतात. एक माणूस धरायचा, त्याच्या वीस पाळ्या बघायच्या, कमी नाही, जास्त नाही. गोलकीपर पडला की एक रेघ. ज्याच्या रेघा कमी, तो वर. इंग्रजी नावं मला झटकन वाचता येत नसत, म्हणून मीच नावं ठेवली. एक गवळी, कारण न चुकता वेळेवर यायचा. एक ताडमाड. आणि पहिल्या नंबरावर उंबरा.

जावईबापूंचीही यादी होती, कॉम्प्युटरवर. कुणी किती गोल केले, किती करायला मदत केली, त्यावरून उतरती. त्यांनी ती छापून फ्रिजवर लावली. मी माझी शेजारी लावली. त्यांच्या पहिल्या दहांत माझा उंबरा नव्हताच.

"आई, तुमच्या एक नंबरवाल्याने अख्ख्या सीझनमध्ये एकच गोल केलाय."

"वाढप्याने पंगतीत स्वतः जेवायला बसावं का?"

"आणि त्याला उंबरा काय म्हणता?"

"आत येणाऱ्याला ठेच लागते म्हणून."

असं आमचं चालायचं. एकदा कालचा गोल कुणाच्या काठीला लागून गेला असं त्यांनी विचारलं, आणि मला सांगता येईना. तेव्हा त्यांना कळलं की सासूबाईंना चकतीच दिसत नाही. जेवण संपेपर्यंत हसत होते. म्हणाले, म्हणजे तुम्ही नवरदेव न बघताच लग्न बघता. मी म्हटलं, लग्नात बघायचं ते वऱ्हाडच असतं.

इथवर सगळी मजा होती. मजा नव्हती ती माझ्या नातीची. बारा वर्षांची, गावातल्या मुलींच्या संघात डिफेन्सला खेळायची. जीव होता तिचा त्यात. पण फ्रिजवर तिसरा एक कागद लागला, तिच्या नावाचा. सामना, गोल, मदत. तिच्या बापाने प्रेमानेच लावला होता, मी खोटं नाही बोलणार. पण गोलच्या रकान्यात खालपर्यंत शून्य. वसंतात मोठ्या संघाची निवड होती. जावईबापू तिला म्हणायला लागले, मागे थांबून कुणी तुला बघणार नाही, पुढे जा, मार. पोरगी ऐकणारी. पुढे जायला लागली. मागे तिच्या जोडीची मुलगी एकटी पडायची आणि गोल व्हायचे. तीन सामने असे गेले. तिसऱ्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत मुली तिच्याशी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी गाडीत मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती हळूच म्हणाली, "आजी, आय ॲम डन." निवडीला जाणार नाही, हॉकीच नको. पूजा झाली की बाबाला सांगेन म्हणाली, तोवर तू बोलू नकोस. मी मान डोलावली.

पूजा म्हणजे आमच्या नव्या बेसमेंटची, सत्यनारायणाची, पुढच्या रविवारी. मी आठवडाभर गप्प. जावयाच्या घरात सासूने तोंड उघडायचं ते जेवायला, हे मी कुणी न शिकवता पाळत आले होते. पण भाजी चिरताना हात थांबायचा. ज्या पोरीला रिकामी जागा दिसते तिला आपण शून्य म्हणतोय, हे काही मला गिळवेना.

रविवारी तीसेक माणसं आली. लेक म्हणाली, बुफे ठेवू. मी म्हटलं, प्रसादाला रांग लावून उभं राहायचं नाही, पंगत बसेल. चादरींच्या लांब घड्या घातल्या, समोरासमोर दोन रांगा. एक रांग जावईबापूंकडे, एक नातीकडे. दोघांकडे वरणाचं एकेक पातेलं. मी गुडघ्यांमुळे कोपऱ्यात खुर्चीवर.

जावईबापू नव्या गालिच्यावर सांडू नये म्हणून डाव सांभाळत वाकून चाललेले. डोळे पातेल्यात. एका काकांना दोनदा वाढलं, ते बिचारे नको नको म्हणेपर्यंत भाताचं तळं झालं. टोकाला एक काकू कोरडा भात कालवत बसलेल्या. "वरण", मग "इकडे वरण", मग कुणीतरी "अहो यजमान". समोरच्या रांगेत पोरगी. एक डाव वाढायची की मान वर, रांगेच्या टोकापर्यंत नजर. तिच्या रांगेत लोक जेवत होते आणि बोलत होते, बस. आणि मग आपलं पातेलं घेऊन ती बापाच्या रांगेच्या टोकाला गेली आणि त्या काकूंना वाढून परत आली. कुणी सांगितलं नव्हतं.

जावईबापू पातेलं भरायला माझ्याजवळ आले. मी विचारलं, "तुमच्या रांगेतून तीन हाका आल्या. तिच्या रांगेतून किती आल्या?"

त्यांनी वळून बघितलं. म्हणाले, "एकही नाही."

"मी कॅलेंडरच्या मागे हेच लिहिते. तुम्ही तिच्या कागदावर शून्य लिहिता. आता तिने वाढायचंच सोडायचं ठरवलंय."

सांगणार नाही म्हणून मान डोलावली होती, ती मोडली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मागून काका ओरडले, आता ताक तरी वेळेवर येऊ द्या. जावईबापू ताक घेऊन धावले बिचारे.

माफी-बिफी कुणी कुणाची मागितली नाही. संध्याकाळी फ्रिजवरून तिच्या नावाचा कागद गेलेला होता, एवढंच. आणि सामना लागल्यावर जावईबापू माझं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, आई, एक माणूस कसा धरायचा ते दाखवा. चकती सोडून बघायला त्यांना फार जड गेलं. सारखी मान वळायची.

पंधरा दिवसांत त्यांनी माझीच चूक काढली. डिफेन्सवाले जोडीने येतात. उंबऱ्याबरोबर दर पाळीला एक दुसरा असायचा, बुटका, नजरेत न भरणारा, मी त्याला नावसुद्धा ठेवलं नव्हतं. जावईबापू म्हणाले, रेघा कमी आहेत त्या नक्की कुणामुळे? मी म्हटलं, उंबऱ्यामुळेच, माझी पद्धत चुकायची नाही. तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. इतके दिवस हॉकीचं नाव न काढलेली पोरगी तिथे बसून बघत होती. "बाबा, तो दुसरा. ही इज ऑलवेज देअर फर्स्ट."

पुढच्या आठवड्यात उंबरा दुखापतीने बाहेर बसला. बुटका वेगळ्याच कुणाबरोबर खेळला, आणि रेघा तेवढ्याच कमी. मी माझ्या हाताने बुटका वर चढवला आणि उंबरा दोन नंबरावर आणला. चूक माझी होती, पद्धतीची नाही. पोरगी तोवर आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली होती. टीव्हीकडे बघतच म्हणाली, निवडीला जाईन, पण मी मागेच खेळणार. तिचा बाप म्हणाला, "मागेच खेळ. पुढे गेलीस तर आजी रेघ ओढेल."

निवडीच्या दिवशी जावईबापूंचे हात जॅकेटच्या खिशात होते. गोल लिहायला वही आणली नव्हती. एकदाही "पुढे जा" म्हणाले नाहीत, ओठ मात्र चावत होते. पोरीने गोल केला नाही. तिच्या पाळ्यांत गोलकीपर दोनदा पडली, मी मोजलंय. डिफेन्सच्या सहा मुली घेतल्या, त्यात ही सहावी. शेवटची का होईना, घेतली. घरी येईपर्यंत गाडीत ती एकटीच बोलत होती, आणि मी आणि तिचा बाप ऐकत होतो.

आता शनिवारी सकाळी तिचे सामने असतात. यंदा टीव्हीवरच्या मोठ्या खेळाडूंचं संघमालकांशी भांडण झालंय, त्यांचा खेळच बंद आहे, म्हणून आम्ही टेप केलेले जुने सामने लावून यादी नीट करतो आहोत. पहिले तीन ठरलेत. चौथ्यावर गवळी की ताडमाड, यावर ती एकीकडे, तिचा बाप दुसरीकडे, आणि दोघंही मला आपल्या बाजूला ओढतात. मला चौथं माणूस हवंय, कुणाचीही भीड न धरणारं. तर तू ये. शुक्रवारी निघालीस तर जेवायला पोचशील, शनिवारी पोरीचा खेळ बघू. रिंकमध्ये फार गारठा असतो, जाड मोजे घालून ये. पण ये गं, लवकर ये.