पाटीवरचे हात

मोतीकाकूच्या अंगावर मोत्याचा एकही दागिना नव्हता. तिचे मोती काळे, वाटाण्याएवढे, टॅपिओकाच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या पिठाचे. बबल टीच्या पेल्यात तळाशी बसणारे आणि जाड नळीतून ओढले की गपकन तोंडात येणारे. ते ती रोज हातानं वळायची. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव पाडलं, तिनंही ते मिरवलं.

दुकान तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं मिळून काढलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं काळ्या गुळाचा पाक कोमट असतानाच पिठात ओतला. पिठाचा गोळा व्हायचं राहिलं बाजूला, ते टेबलावरून ओघळत नवऱ्याच्या बुटात शिरलं. तो हसून हसून बेजार. तेव्हापासून तिनं खूणगाठ बांधली, पाकाला खळखळून उकळी आल्याशिवाय पिठात ओतायचा नाही आणि एकदा ओतला की निवायची वाट बघायची नाही. चटके खात मळायचं. तिचे तळवे पुढे इतके निबर झाले की गरम पातेलंसुद्धा ती फडक्याशिवाय उचलायची. नवऱ्यानं त्या हातांचा फोटो काढून दुकानाच्या पाटीवर लावला आणि खाली लिहिलं, ‘मोती इथेच, हातानं वळलेले.’

नवरा गेला आणि दुकान दिराकडे आलं. दीर वाईट नव्हता हो, भित्रा होता. भित्र्या माणसाच्या गळ्यात कुणीही काहीही मारतं. आधी चहात घालायच्या तयार भुकट्या आल्या, जांभळ्या, हिरव्या, गुलाबी. काकूनं त्या चालवून घेतल्या. ज्याला जांभळा चहा प्यायचाय त्यानं खुशाल प्यावा! तिचा चहा तोच राहिला. कडक काळा, गाळून निववलेला, त्यात दूध आणि बर्फ घालून दंड भरून येईस्तोवर हलवलेला, तळाला पाकात मुरलेले मोती. दुपार उलटली की उरलेले मोती चिवट होतात. ते ती सरळ फेकून द्यायची आणि दीर हळहळायचा.

मग एका सकाळी ती आली तर तिच्या शेगडीवर पातेलंच नव्हतं. ओट्यावर तयार मोत्यांची पाकिटं रचलेली.

“वहिनी, आता तुम्ही घरी बसा,” दीर पाकिटांकडे बघत म्हणाला. “फार राबलात.”

“आणि मोती?”

“हे आहेत की. कुणाला कळतंय?”

“मग ती पाटी?”

“पाटी राहू दे. पाटी बघूनच तर लोक येतात.”

इथे काकूचं डोकं फिरलं. घरी बसवलं असतं तर रडली असती, भांडली असती, कदाचित बसलीही असती. पण आपण घरी आणि आपले हात दारावर टांगून हा लोकांना थापा मारणार? तिनं स्टूल उचललं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गिऱ्हाइकांच्या भर रांगेसमोर पाटी उतरवायला चढली.

“वहिनी, खाली उतरा! लोक बघतायत!”

“बघू देत.”

“दुकान माझं आहे!”

“दुकान तुमचंच. हात माझे आहेत.”

पाटी बगलेत मारून ती उतरली आणि रांगेकडे वळली. “आज यांच्याकडे पाकिटातले मोती आहेत. हातचे हवे असतील तर मी आत्ता करते. वेळ लागेल. घाई असेल त्यांनी जा.”

दोघे-तिघे कुरकुरत गेले. बाकीचे थांबले. काहींना मोत्यांपेक्षा भांडणातच जास्त गोडी होती, हेही खरं.

तिनं पाटी भिंतीला टेकवली, पातेलं शोधून काढलं, गूळ-पाणी चढवलं. दीर बाजूला उभा राहून घाम पुसत होता. पाक तळातून वर यायला लागला तसा तो एकदम पुढे झाला आणि त्यानं गॅस बंद केला.

“उशीर केलात भाऊजी,” काकू म्हणाली. “उकळी येऊन गेली.”

तिनं पाक पिठात ओतला आणि दोन्ही हात घातले. वाफेत तिचा चेहरा दिसेना. पीठ काळंभोर, लवचीक झालं. ती लांब वळ्या करून कापत गेली, तळव्यांत गोल फिरवत गेली. ताट भरलं तेव्हा तिनं पाण्याचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि मान वर केली.

“आता हे शिजवायचे आहेत. गॅस तुम्ही बंद केलात, तुम्हीच पेटवा.”

दिरानं रांगेकडे पाहिलं. रांग त्याच्याकडेच पाहत होती. त्यानं लायटर उचलला. पहिल्यांदा गॅस पेटलाच नाही.

दुसऱ्यांदा पेटला.

“मोठा करा,” काकू म्हणाली.